जगाच्या कण्यावरची हॉटेले

न्यूयॉर्क, १९१३. ब्रॉडवेवर नुकतेच सुरू झालेले मॅकॅल्पिन हॉटेल उभे आहे. पंचवीस मजल्यांचे, त्या काळी जगातील सर्वांत मोठे म्हणवले गेलेले. त्याच्या गच्चीवर शंकूच्या आकाराचे तंबू ठोकले आहेत आणि पिसांची शिरोभूषणे घातलेली माणसे त्या तंबूंपुढे उभी आहेत. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्यांची चित्रे टिपत आहेत.

ही माणसे माँटाना राज्यातील ब्लॅकफीट जमातीची होती. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवरून एका रेल्वे कंपनीने त्यांना प्रवासविषयक प्रदर्शनासाठी आणले होते. जाहिरातींतून त्यांची ओळख करून दिली जात होती ती ‘ग्लेशियर पार्कचे इंडियन’ अशी. त्या नावाचे उद्यान अस्तित्वात येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. ही जमात त्या डोंगरांच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली होती.

विकायचे होते ते उद्यान, तिथे जाणाऱ्या आगगाडीचे तिकीट आणि त्या उद्यानातील हॉटेलांच्या खोल्या. हा धागा त्या हॉटेलांचा आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम भूगोल. अमेरिकेच्या वायव्येस, कॅनडाच्या सीमेला टेकून रॉकी पर्वताचा एक तुकडा आहे. हिमनद्यांनी कोरून काढलेल्या दऱ्या, त्यांच्या तळाशी लांबट निळी सरोवरे आणि पूर्वेकडे एकाएकी सपाट होत जाणारे गवताळ मैदान. सुमारे दहा लाख एकरांचा हा प्रदेश ११ मे १९१० रोजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांच्या स्वाक्षरीने ‘ग्लेशियर नॅशनल पार्क’ झाला. ब्लॅकफीट लोक या पर्वतरांगेला ‘जगाचा कणा’ म्हणतात.

या कण्यातून रेल्वे कशी गेली, ते पाहू. जेम्स जे. हिल या उद्योगपतीच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेला मिनेसोटातून पॅसिफिक महासागरापर्यंत पोचायचे होते. त्यासाठी रॉकी पर्वतात कमी चढाची खिंड हवी होती. १८८९ च्या डिसेंबरात, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, जॉन एफ. स्टीव्हन्स या अभियंत्याने मरायस खिंडीची पाहणी केली. (हाच स्टीव्हन्स पुढे पनामा कालव्याचा मुख्य अभियंता झाला.) १८९३ मध्ये गाड्या सिॲटलपर्यंत धावू लागल्या. आजही उद्यानाची दक्षिण सीमा म्हणजे ढोबळमानाने हाच लोहमार्ग आहे.

जेम्स हिल धान्य, लाकूड आणि वसाहतवाले शेतकरी यांच्या हिशेबात रमणारा माणूस. डोंगरांचे वेड होते ते त्याच्या मुलाला. लुईस हिल १९०७ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. तो स्वतः चित्रे काढी, छायाचित्रे घेई. पण त्याचबरोबर तो पक्का रेल्वेवालाही होता. श्रीमंत अमेरिकन दर उन्हाळ्यात युरोपात जाऊन स्वित्झर्लंडची शिखरे पाहून येतात, मग तोच पैसा आपल्या गाड्यांकडे का वळवू नये, असा त्याचा सरळ हिशेब होता. ‘आधी अमेरिका पाहा’ ही घोषणा त्याने शोधलेली नव्हे, पण ती गाजवली त्याच्या कंपनीने.

कल्पना नवीन नव्हती, हेही नमूद करायला हवे. कॅनडियन पॅसिफिक रेल्वेने १८८८ मध्येच बॅन्फचे हॉटेल उघडले होते, आणि यलोस्टोनमध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या पाठबळावर १९०४ मध्ये ‘ओल्ड फेथफुल इन’ हे प्रचंड लाकडी हॉटेल उभे राहिले होते. लुईस हिलला प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे जायचे होते. उद्यान व्हावे म्हणून वॉशिंग्टनमध्ये जे प्रयत्न झाले, त्यांमागे ग्रेट नॉर्दर्नचे वजन होते, आणि उद्यान होताच बांधकामाची कुदळही तिनेच मारली.

पण त्याआधीचा एक व्यवहार समजून घेतल्याशिवाय या हॉटेलांकडे पाहण्यात अर्थ नाही.

१८८३-८४ च्या हिवाळ्यात ब्लॅकफीट लोकांवर भीषण दुष्काळ ओढवला. रानगवे संपले होते. सरकारी शिधा पुरेसा येत नव्हता. जमातीतील सुमारे ६०० माणसे भुकेने गेली. तो हिवाळा त्यांच्या स्मृतीत ‘उपासमारीचा हिवाळा’ म्हणूनच राहिला आहे. या धक्क्यातून न सावरलेल्या समाजापुढे १८९५ साली सरकारी आयुक्त येऊन बसले. डोंगरात तांबे आणि सोने आहे अशी हवा होती, आणि सरकारला राखीव प्रदेशाचा डोंगराळ पश्चिम पट्टा हवा होता.

वाटाघाटींत ब्लॅकफीट पुढाऱ्यांनी ३० लाख डॉलर मागितले. सौदा ठरला १५ लाखांवर. सुमारे ८ लाख एकर जमीन गेली. मात्र त्यांनी एक अट लिहवून घेतली होती: ही जमीन सरकारी सार्वजनिक जमीन असेपर्यंत तिथे जाण्याचा, लाकूड तोडण्याचा, शिकार करण्याचा आणि मासे धरण्याचा हक्क जमातीकडे राहील.

या आयोगात जॉर्ज बर्ड ग्रिनेल हे नाव आहे, आणि ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. ग्रिनेल ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ नियतकालिकाचे संपादक, निसर्गरक्षणाचे खंदे पुरस्कर्ते आणि ब्लॅकफीट लोकांचे विश्वासू मित्र. वाटाघाटींत ते असावेत अशी इच्छा खुद्द जमातीचीच होती. पुढे याच ग्रिनेलनी या डोंगरांना ‘खंडाचा मुकुट’ म्हणून गौरवले आणि राष्ट्रीय उद्यानासाठी वर्षानुवर्षे लेखणी झिजवली. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण दिसत नाही. परंतु मित्राच्या हातून झालेल्या व्यवहाराचे परिणाम शत्रूच्या व्यवहारापेक्षा सौम्य असतातच असे नाही.

१८९८ मध्ये तो पट्टा खाणवाल्यांसाठी खुला झाला. स्विफ्टकरंट दरीत ॲल्टिन नावाचे गाव रातोरात वसले आणि काही वर्षांतच ओस पडले, कारण जमिनीत फारसे काही निघाले नाही. मग १९१० साली उद्यान झाले आणि शिकारीवर बंदी आली. ‘सार्वजनिक जमीन’ आता ‘राष्ट्रीय उद्यान’ झाली, तेव्हा १८९५ चे हक्क संपले, असे सरकार म्हणू लागले. ब्लॅकफीट तसे मानत नव्हते. वाद न्यायालयात गेला आणि निकाल त्यांच्या विरोधात लागल्यावरही त्यांनी तो मनातून सोडला नाही.

एका दशकापूर्वी ज्या दरीत लोकांनी सोने शोधले आणि ते सापडले नाही, तिथेच लुईस हिलला दुसरी खाण दिसली. ती होती देखाव्याची.

१९१० ते १९१५ या पाच वर्षांत ग्रेट नॉर्दर्नने जे उभारले, ते थक्क करणारे आहे. नऊ ठिकाणी ‘शॅले’, म्हणजे आल्प्समधील धनगरांच्या घरांच्या धर्तीवरची, उतरत्या छपरांची निवासस्थाने. त्यांपैकी बेल्टनचे तर उद्यानाच्या वर्षीच, रेल्वे स्थानकासमोर उघडले. बाकीची डोंगरात, एकमेकांपासून साधारण एका दिवसाच्या घोड्याच्या मजलीवर. आपल्याकडील जुन्या डाकबंगल्यांची साखळी डोळ्यांपुढे आणावी. दिवसभर घोड्यावरून खिंड ओलांडायची, संध्याकाळी पुढच्या शॅलेत गरम जेवण आणि स्वच्छ अंथरूण. १९२० च्या दशकात या वाटांवर घोडे पुरवणाऱ्या कंपनीकडे सुमारे हजार घोडे होते.

आणि या साखळीच्या दोन टोकांना दोन अवाढव्य हॉटेले.

पहिले, ग्लेशियर पार्क हॉटेल. जून १९१३ मध्ये सुरू झाले. आगगाडीतून उतरताच समोर, फुलांच्या बागेपलीकडे. ही इमारत उद्यानात नाहीच. ती ब्लॅकफीट राखीव प्रदेशाच्या हद्दीत, कंपनीने विकत घेतलेल्या जमिनीवर उभी आहे. पोर्टलंड शहरात १९०५ साली भरलेल्या प्रदर्शनात वनखात्याच्या दालनासाठी अखंड वृक्षांची एक प्रचंड लाकडी इमारत उभारली होती, तिच्यावरून लुईस हिलने हा आराखडा घेतला. मुख्य दालनात डग्लस फर वृक्षांचे अखंड सोट खांब म्हणून उभे केले. सुमारे चाळीस फूट उंच, व्यास तीन फुटांहून अधिक, साल न काढलेले. काही वृक्ष तोडले गेले तेव्हा पाचशे वर्षांहून अधिक वयाचे होते.

गंमत अशी की हे वृक्ष या डोंगरांतले नव्हेत. इथली झाडे थंडीवाऱ्याने खुरटलेली. एवढ्या जाडीची खोडे मिळणेच अशक्य. म्हणून ती पॅसिफिक किनाऱ्याकडच्या अरण्यांतून सपाट वाघिणींवर लादून आणली. ‘निसर्गाच्या कुशीतले’ हॉटेल दुसऱ्याच निसर्गातून उचलून आणलेले होते. ब्लॅकफीट लोकांनी मात्र त्याला आपल्या भाषेत नाव दिले, ‘मोठ्या झाडांचे घर’. त्या नावात कौतुक किती आणि मिस्कीलपणा किती, हे ठरवणे कठीण आहे.

दुसरे, मेनी ग्लेशियर हॉटेल. ४ जुलै १९१५ रोजी उघडले. स्विफ्टकरंट सरोवराच्या काठावर लांबच लांब पसरलेली, तपकिरी रंगाची, लाकडी सज्जांची इमारत. सज्जात उभे राहिले की समोर पाणी, पाण्यापलीकडे सुळके. हॉटेलच्या जागेची निवड इतकी अचूक होती की पाहुण्याला हलण्याची गरजच भासू नये. इथे बांधकामाचे बरेचसे लाकूड मात्र आसपासचेच. त्यासाठी दरीतच लाकूड कापण्याची गिरणी बसवली होती. या गिरणीचा किस्सा पुढे येईल.

आतली सजावट म्हणजे एक अजब मिश्रण होते. छताला जपानी कागदी कंदील, भिंतींवर ब्लॅकफीट शैलीतील चित्रे, कोपऱ्यांत रानगव्यांच्या कवट्या. जेवण वाढणाऱ्या मुली स्विस पोशाखात, सामान वाहणारी पोरे आल्प्समधील आखूड चामडी विजारींत. ब्लॅकफीट भूमीच्या काठावर, जर्मन-स्विस वेशातले अमेरिकन कॉलेजकुमार, जपानी कंदिलांखाली. विनोद वाटतो, पण त्यामागे हिशेब होता. युरोपला न जाता युरोप, आणि सोबत जे युरोपात मिळणार नाही तेही.

ते जे युरोपात मिळणार नाही ते म्हणजे ब्लॅकफीट. गाडी आली की पारंपरिक वेशातील पुरुष-स्त्रिया फलाटावर स्वागताला. हॉटेलच्या हिरवळीवर त्यांचे तंबू. संध्याकाळी नाच, ढोल, गोष्टी. त्यासाठी कंपनी त्यांना मोबदला देई. ज्या डोंगरांत शिकारीला गेल्यास रखवालदार अडवणार, त्याच डोंगरांच्या दारात उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करण्याचे काम त्यांना मिळाले होते.

एवढ्यावर थांबून ‘बिचारे’ म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. त्या काळात सरकारी नियमांनुसार राखीव प्रदेशांत पारंपरिक नाच आणि विधी यांवर बंधने होती; मिशनरी शाळांत मुलांना आपली भाषा बोलण्याची मनाई होती. हॉटेलची हिरवळ ही अशी विचित्र जागा ठरली, जिथे जुना वेश घालता येई, ढोल वाजवता येई, आणि वर त्याचे पैसे मिळत. काही वडीलधाऱ्यांनी ही संधी जाणून-बुजून वापरली. पाहुण्यांसाठी तो खेळ होता. खेळणाऱ्यांसाठी तो तेवढाच होता, असे मानण्याचे कारण नाही.

ते गप्पही नव्हते. १९१५ साली ब्लॅकफीट पुढाऱ्यांचे एक शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेले आणि स्टीफन मॅदर यांना भेटले. तक्रार होती नावांची. उद्यानातील शिखरांना, सरोवरांना, धबधब्यांना आपली पूर्वापार नावे असताना गोऱ्या माणसांची नावे का चिकटवली जात आहेत? मॅदर त्या वेळी गृहखात्यात होते. पुढल्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक तेच झाले.

मॅदर यांचे नाव आले, तर गिरणीचा किस्सा आताच सांगून टाकतो. मेनी ग्लेशियर बांधून दहा वर्षे उलटली तरी रेल्वे कंपनीने ती लाकडाची गिरणी हटवली नव्हती. ऐन देखाव्यात ती भुशाच्या ढिगाऱ्यासह उभी. मॅदरनी वारंवार सांगूनही काम होईना. १९२५ च्या ऑगस्टमध्ये ते स्वतः तिथे आले, गिरणीला सुरुंग लावले, हॉटेलातील पाहुण्यांना पाहायला बोलावले आणि पहिली वात आपल्या हाताने पेटवली. एका चकित पाहुण्याने विचारले तेव्हा, आज मुलीचा वाढदिवस साजरा करतो आहे, असे त्यांनी सांगितल्याचे नमूद आहे. सरकार आणि रेल्वे यांच्यात नेमका मालक कोण, याचे उत्तर त्या दिवशी दरीत बरेच लांबवर ऐकू गेले असणार.

या हॉटेलांचे अर्थकारण समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. हंगाम जून ते सप्टेंबर, जेमतेम तीन महिने. उरलेले नऊ महिने बर्फ छपरे दाबत असते, पाइप फोडत असते. तीन महिन्यांच्या भाड्यात अशा इमारतींची निगा निघणे शक्य नव्हते. कंपनीलाही ती अपेक्षा नव्हती. हॉटेले तोट्यात चालली तरी शिकागोहून निघणाऱ्या गाड्यांची तिकिटे खपत. हॉटेल हा जाहिरातीचाच एक भाग होता, फक्त तो कागदाऐवजी लाकडाचा होता. १९२१ पासून कंपनीच्या बोधचिन्हावर रॉकी पर्वतातील डोंगरबकरा आला. मालगाडीच्या डब्यावरही तोच बकरा.

जाहिरातीतून एक चांगली गोष्ट निपजली, ती सांगायला हवी. विनोल्ड राइस हा जर्मनीत जन्मलेला चित्रकार ब्लॅकफीट लोकांची व्यक्तिचित्रे काढी. ग्रेट नॉर्दर्नने ती विकत घेतली आणि १९२८ पासून तीस वर्षे आपल्या दिनदर्शिकांवर छापली. १९३० च्या दशकात सेंट मेरी येथील शॅलेत त्याने उन्हाळी कलाशाळाही चालवली. ही चित्रे कल्पनेतल्या ‘इंडियनां’ची नव्हेत, नावानिशी माहीत असलेल्या माणसांची आहेत. रेल्वेला त्यांत तिकीट दिसले. ज्यांचे आजोबा-पणजोबा त्यांत आहेत, त्यांना घरचा माणूस दिसतो.

१९२७ मध्ये कंपनीने सीमा ओलांडली. कॅनडाच्या हद्दीत, वॉटर्टन सरोवरावरच्या उघड्या टेकडीवर प्रिन्स ऑफ वेल्स हॉटेल बांधले. कारण स्पष्ट होते: अमेरिकेत दारूबंदी होती, आल्बर्टा प्रांतात ती उठली होती. त्या टेकडीवरचा वारा असा की बांधकाम चालू असतानाच वादळाने सांगाडा मूळ जागेवरून काही इंच सरकवला. ब्रिटिश युवराज राहायला यावा या आशेने त्याचे नाव दिले. युवराज आला नाही, नाव राहिले. १९३२ मध्ये दोन्ही देशांची उद्याने मिळून जगातील पहिले आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान झाले.

आणि मग मोटार आली.

पश्चिमेकडच्या लेक मॅक्डॉनल्ड लॉजची इमारत या बदलाचा जिवंत पुरावा आहे. जॉन लुईस या स्थानिक व्यावसायिकाने ते १९१४ मध्ये उघडले; आराखडा स्पोकॅनच्या कर्टलंड कटर या वास्तुरचनाकाराचा. त्या वेळी पाहुणे बोटीने येत. म्हणून इमारतीचा दर्शनी भाग सरोवराकडे आहे. पुढे रस्ता झाला तो मागच्या बाजूने. आज मोटारीतून उतरणारा प्रत्येक प्रवासी या लॉजमध्ये परसदाराने शिरतो, आणि बहुतेकांना ते कळतही नाही.

१५ जुलै १९३३ रोजी ‘गोइंग-टू-द-सन रोड’ रीतसर खुला झाला. सुमारे ८० किलोमीटरचा, कड्याच्या कुशीत कोरलेला रस्ता, माथ्यावर लोगन खिंड. घोड्यावरून ज्या प्रवासाला कित्येक दिवस लागत, तो आता दोन-तीन तासांत. पाहुणे बदलले. पेटारे घेऊन महिनाभर राहणारी श्रीमंत कुटुंबे जाऊन, तंबू आणि शिध्यासह मोटारीतून येणारी मध्यमवर्गीय कुटुंबे आली. त्यांना हॉटेलची खोली नको होती, रस्त्यालगतची स्वस्त खोपी हवी होती. कंपनीने १९३३ मध्ये स्विफ्टकरंट येथे तशा खोप्या बांधल्याही. वरच्या डोंगरातली शॅले एकेक करून ओस पडू लागली. गनसाइटचे तर फार पूर्वी हिमलोटात गेले होते. ‘सन’ शॅले दुसऱ्या महायुद्धानंतर पाडली.

३१ ऑगस्ट १९३६. हेवन्स पीक परिसरातला वणवा वाऱ्यावर स्वार होऊन स्विफ्टकरंट खिंड ओलांडून आला आणि मेनी ग्लेशियरच्या दरीत उतरला. आसपासच्या अनेक इमारती भस्मसात झाल्या. हॉटेलच्या नोकरमंडळींनी, म्हणजे उन्हाळ्यापुरत्या कामाला आलेल्या कॉलेजच्या मुलामुलींनी, छपरावर आणि भिंतींवर पाणी मारून ती लाकडी इमारत वाचवली. तिथे सांगितली जाणारी दंतकथा अशी की व्यवस्थापकाने कंपनीच्या मुख्यालयाला ‘हॉटेल वाचवले’ अशी तार केली, आणि उलट तार आली ती एकाच शब्दाची: ‘कशाला?’

दंतकथा खरी असो वा नसो, ती टिकली यातच सारे आले. विमा मिळाला असता. हॉटेल उरले ते तोट्यासह.

महायुद्धात ही हॉटेले बंदच राहिली. नंतर रेल्वेचा जीव त्यांत उरला नाही. १९५७ च्या सुमारास ‘आधुनिकीकरण’ झाले. मेनी ग्लेशियरच्या दालनातील नागमोडी गोल जिना काढून तिथे भेटवस्तूंच्या दुकानाला जागा केली. १९६० मध्ये ग्रेट नॉर्दर्नने हॉटेले विकून टाकली. ज्या कंपनीने उद्यानाला घडवले, ती पन्नास वर्षांत बाजूला झाली.

वरच्या शॅलेंच्या इतिहासात एक काळी रात्र आहे. ग्रॅनाइट पार्क शॅलेत उरलेसुरले अन्न बाहेर टाकले जाई, आणि ते खायला येणारी ग्रिझली अस्वले पाहणे हे पाहुण्यांचे संध्याकाळचे मनोरंजन झाले होते. १३ ऑगस्ट १९६७ च्या पहाटे अस्वलाने शॅलेजवळ तळ ठोकलेल्या एका एकोणीस वर्षांच्या तरुणीला ठार केले. त्याच रात्री काही मैलांवर, ट्राउट सरोवराकाठी, दुसऱ्या अस्वलाने दुसऱ्या तरुणीचा जीव घेतला. उद्यान स्थापन झाल्यापासून ग्रिझलीने माणूस मारल्याच्या या पहिल्याच घटना. कचरा उघड्यावर टाकणे बंद झाले, अन्न ठेवण्याचे कडक नियम आले. आज भारतातून तिथे जाणाऱ्या पर्यटकालाही डबा अस्वलरोधक पेटीत ठेवावा लागतो, त्या नियमांची मुळे या रात्रीत आहेत.

१९८७ मध्ये ग्रेट नॉर्दर्नच्या या इमारतींपैकी काहींना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाल्याने छप्पर गळायचे थांबत नाही. १९९० च्या दशकात स्पेरी आणि ग्रॅनाइट पार्क ही शॅले सांडपाण्याच्या प्रश्नावरून काही वर्षे बंद ठेवावी लागली. डोंगरमाथ्यावर, जिथे सामान आजही खेचरांवरून जाते, तिथे शौचालयाचा प्रश्न हा वास्तुकलेहून अवघड असतो. मेनी ग्लेशियरची इमारत तर एका बाजूला कलू लागली होती. २००० नंतर तिची वर्षानुवर्षे दुरुस्ती चालली आणि २०१७ मध्ये तो काढून टाकलेला गोल जिना पुन्हा जागेवर उभा राहिला.

त्याच २०१७ मध्ये, ऑगस्टच्या सुरुवातीस पडलेल्या विजेने पेटलेला वणवा डोंगर चढत गेला आणि १९१४ पासून उभे असलेले स्पेरी शॅलेचे निवासस्थान जळाले. तारीख होती ३१ ऑगस्ट. १९३६ मध्ये मेनी ग्लेशियरवर आग आली तीच. उरल्या त्या फक्त दगडी भिंती. लगेच टेकू देऊन त्या हिवाळ्यातल्या बर्फापासून वाचवल्या गेल्या, पुढचे दोन उन्हाळे काम चालले आणि २०२० मध्ये शॅले पुन्हा सुरू झाले. या वेळी ‘कशाला?’ असे कुणी विचारले नाही. देणग्या गोळा झाल्या, स्वयंसेवक आले. तिथे वीज आजही नाही.

मेनी ग्लेशियर या नावातील हिमनद्यांचे मात्र तसे नाही. १८५० च्या सुमारास या प्रदेशात सुमारे १५० हिमनद्या असाव्यात असा अंदाज आहे; २०१५ च्या मोजणीत हिमनदी म्हणण्याइतपत आकाराच्या २६ उरल्या. हॉटेलच्या सज्जातून पर्यटक ज्या दिशेला बोट दाखवतात, तिथे ग्रिनेल यांच्या नावाची हिमनदी आहे, आणि तिच्या पायथ्याशी वितळलेल्या पाण्याचे सरोवर दरवर्षी मोठे होत आहे.

आता एक शेवटची नोंद. १९८० च्या दशकापासून उद्यानात एक व्याख्यानमाला चालते. उन्हाळ्यातील संध्याकाळी, तळांवर आणि हॉटेलांच्या दालनांत, ब्लॅकफीट, सालिश आणि कुटेनाई लोक आपला इतिहास स्वतः सांगतात. उपासमारीचा हिवाळा, १८९५ ची वाटाघाट, शिखरांची जुनी नावे. वेशाची सक्ती नाही, बरेचजण साध्या जीन्समध्ये येतात. श्रोत्यांत कुणीतरी हमखास विचारतो, की तुमचे लोक पूर्वी या हॉटेलांपुढे तंबू ठोकून राहत असत ना? आणि मग वक्ता त्या तंबूंत राहिलेल्या आपल्या आजीविषयी बोलू लागतो.